तुतनखामूनचा कर्णा आणि टॅपर्नचे ओठ

केशवसुतांची 'तुतारी' (१८९३) शिकविताना आम्ही वर्गात काही वर्षे एक ध्वनिमुद्रण ऐकवीत असू. कैरोच्या वस्तुसंग्रहालयात १९३९ साली तुतनखामूनच्या थडग्यातील दोन कर्णे वाजविले गेले, त्याचे ते ध्वनिमुद्रण. "तीन हजार वर्षांपूर्वीचा आवाज तुम्ही ऐकत आहात," असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. वर्ग शांत होई आणि कवितेला एक प्राचीन पार्श्वभूमी लाभल्याचे समाधान आम्हांला मिळे. एका वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवितात. त्याने विचारले, "सर, ह्याला माउथपीस कुठला लावला होता?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रश्न विचारण्यासारखा आहे हेच आमच्या ध्यानात आले नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पितळी वाद्य नुसती हवा फुंकून वाजत नाही. वाजविणाऱ्याचे ओठ थरथरतात आणि तो थरार नळीतील हवेला मिळतो. ओठ आणि नळी यांच्यामध्ये जो छोटा तुकडा असतो तो माउथपीस. त्याचे भाग मोजकेच: ओठांवर टेकणारी कड, कडेच्या आतली वाटी, वाटीच्या तळाचे अरुंद भोक म्हणजे घसा, आणि घशापुढे हळूहळू रुंदावत जाऊन वाद्याला मिळणारी नळी. ट्रम्पेटची वाटी वाडग्यासारखी, तर फ्रेंच हॉर्नची नरसाळ्यासारखी खोल व निमुळती असते. ट्रम्पेटच्या आवाजातील धार आणि हॉर्नच्या आवाजातील मऊपणा यांत या फरकाचा मोठा वाटा आहे. वाटी आणि घसा मिळून माउथपीसचा स्वतःचा एक अनुनाद तयार होतो. त्याच्या जवळपासचे सूर त्यामुळे बळकट होतात व वरच्या सुरांची जुळणी बदलते. म्हणून नळी तीच ठेवून माउथपीस बदलला, तर वाद्याचा आवाज बदलतो आणि कोणते सूर सहज निघतील हेही काही अंशी बदलते.

आता कैरोकडे वळू. हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामूनचे थडगे १९२२ च्या नोव्हेंबरात सापडले. त्यात दोन कर्णे होते. एक चांदीचा, सुमारे ५८ सेंटीमीटर लांब. दुसरा तांब्याच्या मिश्रधातूचा, सुमारे ५० सेंटीमीटर. दोन्ही सरळ, आणि दोन्हींच्या रुंद तोंडावर रे-होराख्ती, प्ताह व आमून या देवतांच्या आकृती कोरलेल्या. आत बसविण्यासाठी रंगविलेले लाकडी गाभे होते. वाद्य वापरात नसताना पातळ पत्रा चेपू नये, अशी ती योजना. इजिप्तच्या भित्तिचित्रांत सैनिकांबरोबरचा कर्णेवाला असा गाभा काखेत धरून वाजविताना दिसतो. या कर्ण्यांना स्वतंत्र माउथपीस मात्र नाही. नळीच्या टोकाला धातूचे कडे आहे, तेवढेच. ओठ थेट त्या कड्यावर टेकावयाचे.

१६ एप्रिल १९३९ रोजी बी.बी.सी.ने कैरोहून हे कर्णे जगाला ऐकविले. कार्यक्रमाचे सूत्रधार रेक्स कीटिंग आणि वादक ब्रिटिश फौजेच्या अकराव्या हुसार पलटणीच्या बँडमधील जेम्स टॅपर्न. थडग्यातील वस्तूंची डागडुजी करणारे रसायनज्ञ आल्फ्रेड लुकास यांचाही या प्रयोगाशी संबंध होता. टॅपर्न यांना सवय आधुनिक ट्रम्पेटची, म्हणून कर्ण्यात आधुनिक माउथपीस बसवून ते वाजविण्यात आले. त्यापूर्वीच्या एका चाचणीत असा माउथपीस घातला असता चांदीचा कर्णा फुटला आणि तो पुन्हा जोडावा लागला. ही घटना नेमकी कशी घडली याविषयी निरनिराळ्या हकिकती आहेत. कारणाबाबत त्या एकवाक्यता दाखवितात. जी नळी माउथपीस बसविण्यासाठी घडविलीच नव्हती, तिच्यात तो बळेच बसविला गेला.

ध्वनिमुद्रणात भरघोस, चढउतार असलेली ललकारी ऐकू येते. ती टॅपर्न यांच्या कसबाची साक्ष आहे, पण तुतनखामूनच्या कर्णेवाल्याची नाही. हान्स हिकमान यांनी १९४६ साली कैरोत प्राचीन इजिप्तच्या कर्ण्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अभ्यासाचा रोखही असाच आहे, की माउथपीसशिवाय या नळ्यांतून सहज निघतो तो मुख्यतः एक सूर. त्याखालचा सूर निस्तेज निघतो, वरच्यासाठी ओठांवर फार जोर द्यावा लागतो. नळी आखूड असल्यामुळे तिचे नैसर्गिक सूर एकमेकांपासून दूर असतात, आणि नुसत्या कड्यावर ओठांना आधारही पुरेसा मिळत नाही. तेव्हा हा कर्णा बहुधा एकाच सुरावर, लयीचे निरनिराळे आकार करून, सैन्याला इशारे देत असावा.

आवाजाविषयी एक लिखित साक्षही आहे. तुतनखामूनच्या मृत्यूनंतर (इ.स.पू. सुमारे १३२३) चौदा शतकांनी प्लुटार्कने इसिस व ओसिरिस यांच्यावरील आपल्या ग्रंथात नोंदविले, की बुसिरिस आणि लायकोपोलिस येथील लोक कर्णा वापरीत नाहीत, कारण त्याचा आवाज त्यांना गाढवाच्या ओरडण्यासारखा वाटतो. गाढवाचा संबंध ओसिरिसचा वैरी सेत याच्याशी जोडला जाई. काळाचे अंतर मोठे असल्याने या नोंदीवर फार भार टाकता येणार नाही. तरीही कर्कश, एकसुरी आवाजाची कल्पना द्यावयास ती १९३९ च्या ललकारीपेक्षा आम्हांला अधिक जवळची वाटते.

मग योग्य माउथपीस कोणता? युरोपच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी वेगळी मिळाली. जोहान एर्न्स्ट आल्टेनबुर्ग हा जर्मन तुतारीवाद्यांच्या श्रेणीपरंपरेतील अखेरच्या लेखकांपैकी एक. त्याचे वडीलही तुतारीवादकच. त्याच्या उमेदीच्या काळात दरबारी तुतारीवादकांना मागणी उरली नव्हती, म्हणून त्याने बिटरफेल्ड येथे ऑर्गनवादकाची नोकरी पत्करली. आपली विद्या १७९५ साली हाले येथे ग्रंथरूपाने मात्र छापली. त्यात त्याने माउथपीसविषयी भेद केला आहे. खालच्या सुरांचा भाग वाजविणाऱ्याला रुंद व खोल वाटी हवी, तर वरचा 'क्लारीनो' भाग वाजविणाऱ्याला त्या मानाने लहान व उथळ. एकाच दरबारात, एकाच वाद्यासाठी, काम बदलले की माउथपीस बदलतो, हे अठराव्या शतकाला ठाऊक होते.

त्या विद्येची साखळी तुटली, आणि एकोणिसाव्या शतकात योहान सेबास्टियन बाखची वरच्या पट्टीतली तुतारी वाजवावयास कोणी उरेना. १८८५ साली बर्लिनचे युलिउस कोझलेक यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'बी मायनर मास'मधील तुतारीचा भाग लांब, सरळ वाद्यावर वाजविला. श्रोत्यांनी त्या वाद्याला बाखच्या काळची तुतारी समजून डोक्यावर घेतले. त्या वाद्याला दोन आधुनिक झडपा होत्या. बाखच्या तुतारीला एकही नव्हती. विसाव्या शतकात जुन्या वाद्यांचे पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा ऑटो श्टाइनकोफ यांनी १९६० च्या सुमारास झडपांविना वाद्य बनविले, परंतु सूर सावरण्यासाठी नळीला छोटी भोके पाडली. जुन्या माउथपीसची कड रुंद व चपटी, वाटी आणि घसा यांची सांध धारदार. तो ओठांना अंगवळणी पाडावयास काळ लागतो, म्हणून जुन्या घडणीच्या वाद्यात आधुनिक वळणाचा माउथपीस घालणारे वादकही पुष्कळ आढळतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. संध्याकाळी श्रोत्यांसमोर वाजवावयाचे असते. मात्र ऐकणाऱ्याला काय ऐकविले जात आहे, हे सांगितले गेले पाहिजे.

आजच्या वादकापुढचा प्रश्न निराळा आहे आणि त्यामागे दुसऱ्या एका बाखचे नाव आहे. व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथे १८९० मध्ये जन्मलेले व्हिन्सेंट बाख मूळचे अभियंता आणि कॉर्नेटवादक. १९१४ साली ते अमेरिकेत गेले. दौऱ्यावर असताना एका दुरुस्ती करणाऱ्याने त्यांचा आवडता माउथपीस बिघडविला, त्यामुळे ते स्वतःच लेथवर माउथपीस घडवू लागले, असा किस्सा त्यांच्याविषयी सांगितला जातो. त्यातून १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांच्या क्रमांकपद्धतीत आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद, आणि अक्षर वाटीची खोली दाखविते. 'ए' सर्वांत खोल, 'सी' मध्यम, 'ई' उथळ. नव्या विद्यार्थ्याच्या ट्रम्पेटबरोबर बहुधा मिळणारा '७ सी' १६.२० मिलिमीटरचा, तर रुंदांपैकी '१ सी' १७ मिलिमीटरचा. फरक एक मिलिमीटरही नाही, पण ओठांना तो पहिल्या फुंकीतच कळतो. उथळ वाटीत वरचे सूर चमकदार निघतात, पण आवाजाचा भरीवपणा घटतो. खोल वाटीत आवाज भरतो, पण वर चढणे जड जाते. नवशिक्याने मध्यम आकारावर पक्के बसावे आणि काय वाजवावयाचे आहे हे कळल्यावरच बदल करावा, या सल्ल्यात आल्टेनबुर्गच्याच भेदाचा धागा आहे. कामाशिवाय 'योग्य' या शब्दाला येथे अर्थ नाही.

आम्ही साहित्याची माणसे. वाद्य जपले जाते आणि ते वाजविणारे ओठ नाहीसे होतात, हा अनुभव आम्हांला पोथ्यांच्या बाबतीत रोजचा आहे. 'लीळाचरित्र' वर्गात मोठ्याने वाचताना आम्ही आमचेच उच्चार, आमचेच विराम, आमचाच आजचा सूर त्या गद्याला लावतो. तसे केल्याखेरीज तेराव्या शतकातील ते गद्य वर्गात जिवंत होणार नाही, हे खरे. टॅपर्न यांच्यापुढेही हाच पर्याय होता. परंतु आवाज निघाला म्हणजे जुना आवाज सापडला, असा समज करून देणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो समज आम्ही काही वर्षे करून दिला. फुटलेला चांदीचा कर्णा आम्हांला आणखी एक आठवण देतो. आपल्या सोयीसाठी जुन्या वस्तूत काही बळेच बसविले, तर कधी कधी आवाज निघण्याआधी वस्तूच जाते.

दुसऱ्या कर्ण्यानेही नंतर बरेच सोसले. २०११ च्या जानेवारीत कैरोतील उठावाच्या धामधुमीत तो वस्तुसंग्रहालयातून चोरीला गेला आणि एप्रिलमध्ये शहराच्या मेट्रोत एका पिशवीत सापडला.

'तुतारी'त कवी वाद्य दुसऱ्याकडे मागतो आणि प्राण मात्र स्वतःचा ओतू म्हणतो. वाद्य आणि प्राण यांच्यामधील त्या बोटभर तुकड्याचा विचार आम्ही कविता शिकविताना कधी केला नव्हता. ते ध्वनिमुद्रण आम्ही आजही ऐकवितो. फक्त आधी फळ्यावर तीन गोष्टी लिहितो: कर्णा इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाचा, माउथपीस विसाव्या शतकाचा, ओठ जेम्स टॅपर्न यांचे. मग ऐकावयास सांगतो.