मोडलेला खुबा आणि घड्याळ

घरातली दादी किंवा नानी न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला, की मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणतात, 'आता उठणं कठीण.' एके काळी हे जगभर खरं होतं. मग काही देशांत ते खोटं कसं ठरलं?

पहिलं उत्तर खिळ्याचं आहे. पूर्वी अशा रुग्णाला पायाला वजन लटकवून किंवा प्लास्टर घालून महिनोन्‌महिने अंथरुणात ठेवत. मग जीव जायचा तो न्यूमोनियाने, पाठीला झालेल्या जखमांनी. बोस्टनचे सर्जन स्मिथ-पीटरसन यांनी 1925 मध्ये तीन पात्यांचा धातूचा खिळा वापरायला सुरुवात केली. 1931 मध्ये त्याची माहिती छापून आली. हाड आतून जोडलं गेलं आणि माणूस लवकर उठून बसू लागला.

पुढे खिळा जगभर पोहोचला, तरी देशादेशांतला फरक उरलाच. म्हणून मला दुसरं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावी हाडांचे सर्जन मायकेल डेव्हास आणि वृद्धांचे डॉक्टर बॉबी अर्विन एकत्र रुग्ण तपासू लागले. म्हाताऱ्या माणसाचं नुसतं हाड मोडलेलं नसतं. सोबत हृदय, साखर, अशक्तपणा असतोच. स्वीडनने 1988 मध्ये अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, ब्रिटनने 2007 मध्ये. 2010 पासून इंग्लंडमध्ये 36 तासांत ऑपरेशन, वृद्धांच्या डॉक्टरांची वेळेत तपासणी अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले. महिनाभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण 2007 मध्ये 10.9 टक्के होतं, ते 2011 मध्ये 8.5 टक्क्यांवर आलं.

नुसत्या घाईनेही सगळं साधत नाही. 17 देशांतल्या 2,970 रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा तासांत ऑपरेशन झालेले आणि चोवीस तासांत झालेले, यांच्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. मात्र लवकर ऑपरेशन झालेले लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले.

तिथे वाद तासांचा आहे. आपल्याकडे अनेकदा दिवस जातात. आधी हाडवैद, मग एक्स-रे, मग पैशांची जुळवाजुळव, आणि शेवटी 'या वयात कशाला ऑपरेशन?' खिळा आपल्याकडे आहे, सर्जनही आहेत. दादी किती तास ताटकळली, हे विचारणारी देशभराची नोंदवही मात्र नाही. तोवर हा प्रश्न घरातल्यांनीच, पहिल्याच दिवशी, विचारायला हवा.