'सुपरमॅन टू'च्या दोन संहिता : उत्तरभागाचे सामर्थ्य आणि मर्यादा

चित्रपटाचा उत्तरभाग हा सामान्यतः व्यापाराचे अपत्य मानला जातो, आणि म्हणूनच समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. पूर्वभागाच्या यशावरचे व्याज वसूल करणे एवढाच त्याचा हेतू असतो, ही समजूत पुष्कळ अंशी खरीही आहे. 'सुपरमॅन टू'चा इतिहास मात्र या समजुतीत बसत नाही. हा उत्तरभाग पूर्वभागाच्या यशानंतर सुचलेला नव्हता. तो त्याच्याबरोबरच लिहिला गेला आणि त्याच्याबरोबरच चित्रित होऊ लागला. पुढे दिग्दर्शक बदलला. परिणामी आज त्याच्या दोन संहिता उपलब्ध आहेत : १९८० मध्ये प्रदर्शित झालेली रिचर्ड लेस्टर यांची १२७ मिनिटांची, आणि २००६ मध्ये पुनर्संपादित होऊन प्रकाशात आलेली रिचर्ड डॉनर यांची ११६ मिनिटांची. या चित्रपटाच्या गुणदोषांची चिकित्सा दोन्ही संहिता शेजारी ठेवूनच करावी लागते.

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी निर्मिलेला हा नायक १९३८ मध्ये चित्रकथेतून वाचकांसमोर आला. त्याच्यावर दोन चित्रपट एकदमच करण्याची योजना अलेक्झांडर व इल्या साल्काइंड या पितापुत्र निर्मात्यांनी आखली. मारिओ पुझो यांच्या कथेवरून सिद्ध झालेल्या पटकथेचे टॉम मांकिविझ यांनी पुनर्लेखन केले आणि १९७७ मध्ये चित्रीकरण सुरू झाले. खर्च व वेळ हाताबाहेर जाऊ लागल्यावर दुसऱ्या भागाचे काम थांबवून पहिला भाग पुरा करण्यात आला. त्या वेळी दुसऱ्या भागासाठी योजलेला कालचक्र उलटे फिरवण्याचा शेवट पहिल्या भागाला जोडला गेला. डिसेंबर १९७८ मध्ये तो चित्रपट प्रदर्शित होऊन यशस्वी झाला. तरीही निर्मात्यांशी विकोपाला गेलेल्या मतभेदांमुळे १९७९ मध्ये डॉनर यांना दूर करण्यात आले आणि उरलेले काम लेस्टर यांच्याकडे सोपवण्यात आले. मार्लन ब्रँडो यांचे चित्रण आर्थिक वादापायी वगळले गेले. पित्याच्या जागी माता लारा आली. जीन हॅकमन पुन्हा काम करण्यास आले नाहीत. त्यामुळे प्रदर्शित चित्रपटातील त्यांचे सर्व दर्शन डॉनर यांच्या चित्रणातले आहे. म्हणजे लेस्टर यांच्या नावावर असलेली कृतीही दोन हातांची आहे.

या कृतीच्या केंद्रस्थानी असलेला पेच उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्येच सिद्धान्ताच्या पातळीवर मांडला होता. मिथकातील नायकाचे चरित्र पूर्ण झालेले असते; कादंबरीतील नायक मात्र काळात जगतो आणि प्रत्येक कृतीने थोडा थोडा खर्ची पडतो. सुपरमॅन हा मिथकनायक असूनही कादंबरीच्या बाजारात वावरतो. त्याने विवाह केला, त्याचे रहस्य फुटले, तर तो काळाच्या प्रवाहात ओढला जाईल आणि त्याच्या अंताकडे पहिले पाऊल पडेल. म्हणून त्याच्या प्रत्येक कथेला मागची कथा विसरावी लागते. उत्तरभागाची अडचण नेमकी हीच आहे : त्याला कथा पुढे न्यायची असते, पण नायकाला पुढे जाऊ द्यायचे नसते.

'सुपरमॅन टू'चे सामर्थ्य असे की, तो काही काळ तरी ही अडचण टाळत नाही. प्रेमासाठी नायक आपल्या शक्तीचा त्याग करतो. रस्त्यालगतच्या उपाहारगृहात एका सामान्य दांडगटाच्या हातून मार खाल्ल्यावर तो स्वतःचे रक्त पाहतो. या प्रसंगात ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा विस्मय अधिक दिसतो; मर्त्यत्वाचा तो पहिला परिचय असतो. दुसरे सामर्थ्य खलनायकांच्या योजनेत आहे. जनरल झॉड आणि त्याचे दोन साथीदार नायकाच्याच ग्रहावरचे, त्याच्याच शक्तीचे आहेत. फरक इतकाच की, पृथ्वीवरच्या कोणाशीही त्यांचे नाते नाही. टेरेन्स स्टँप यांचा झॉड जग जिंकल्यानंतर कंटाळलेला दिसतो, आणि नात्यावाचूनची शक्ती किती रिकामी असते हे त्या कंटाळ्यातून सूचित होते.

मर्यादाही याच ठिकाणी सुरू होतात. सत्याभास हा डॉनर यांचा घोषशब्द होता. लेस्टर यांची प्रवृत्ती विनोदाची होती. नगरातील संघर्षात वादळी वारा सुटलेला असता दूरध्वनीवर बोलतच राहणारा माणूस हसवतो खरा, पण विध्वंसाचे गांभीर्य तेथेच ओसरते. अंगावरचे चिन्ह जाळ्यासारखे फेकण्याची शक्ती आयत्या वेळी उपटते. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे त्यागलेली शक्ती परत कशी मिळाली, हे लेस्टर यांच्या संहितेत जवळजवळ अनुक्तच राहते. किंमत न मोजता परत घेता येणारा त्याग हा त्याग राहत नाही. डॉनर यांच्या संहितेत ही किंमत स्पष्ट आहे : पुत्राला शक्ती देताना पित्याचे उरलेसुरले अस्तित्व संपते. मध्यभागापुरती डॉनर यांची संहिता निःसंशय श्रेष्ठ ठरते.

मात्र तिला 'मूळ' संहिता म्हणणे धाडसाचे होईल. तिच्यातील एका कळीच्या प्रसंगासाठी कलावंतांच्या चाचणी-चित्रणांचा आधार घ्यावा लागला आहे, आणि काही ठिकाणी लेस्टर यांचेच चित्रण वापरावे लागले आहे. पहिल्या भागाला देऊन टाकलेला कालविपर्यासाचा शेवट येथे पुन्हा येतो, कारण पर्यायी शेवट चित्रित करण्याची संधी डॉनर यांना मिळाली नाही. या शेवटामुळे घडलेले सर्व रद्द होते. तरीही नायक त्या दांडगटाचा सूड घेण्यास जातोच. काळ उलटला असेल तर त्या माणसाने अपराधच केलेला नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर २००६ ची संहिता ही हरवलेल्या ग्रंथाची सापडलेली प्रत नसून अनुमानाने केलेली पुनर्रचना आहे. दिग्दर्शकाला एकमेव कर्ता मानणारी भूमिका येथे अपुरी पडते. करारपत्रे, खटले आणि संकलकाची कात्री हेही या संहितेचे कर्ते आहेत.

दोन्ही शेवटांत एक गोष्ट समान आहे : लुईसची स्मृती नष्ट होते. क्लार्कचे रहस्य तिने आपल्या बुद्धीने शोधलेले असते. दोन्ही संहितांत ती ते सिद्ध करण्यासाठी जिवावर उदार होते. कथेतील हे एकमेव खरे ज्ञान तिने मिळवलेले, आणि तेच तिच्याकडून तिच्या संमतीवाचून काढून घेतले जाते. मिथक अबाधित राखण्याची किंमत नायक मोजत नाही, नायिका मोजते.

तरीही या दोन विस्मरणांत भेद करणे आवश्यक आहे. डॉनर यांच्या संहितेत विस्मरण साऱ्या जगाला एकदमच होते. कोणाला काय गमवावे लागले हे कोणालाच दिसत नाही. लेस्टर यांच्या संहितेत ते एका कचेरीत, दोन माणसांमध्ये घडते. हे ज्ञान बाळगून रोज शेजारी बसणे किती दुःसह आहे, हे लुईस आधी बोलून दाखवते. मग चुंबनाने तिची स्मृती हरपते आणि तो एकटा ती वागवत राहतो. हे कृत्य समर्थनीय नाही, पण ते लपवलेलेही नाही. त्यानंतर नायक राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर ध्वज पुन्हा नेतो आणि असे पुन्हा होऊ देणार नाही अशी ग्वाही देतो. ज्या प्रेमासाठी त्याने सर्वस्व सोडले होते, ते आता कर्तव्यातील कसूर ठरते. १९८३ च्या तिसऱ्या भागात विनोद वरचढ झाला आणि लुईस कथेच्या कडेला गेली. ज्या नायिकेला काही आठवतच नाही, तिच्यासाठी पुढच्या कथेत जागा उरली नव्हती.