कपाटशयन ते यंत्रहात

आमच्या लाखनीकडे म्हातारी घसरून पडली की घरचे म्हणतात, कंबरेत मुका मार बसला. साध्या एक्स-रेत पुष्कळदा काही दिसत नाही; चिरलेले असते ते मागचे त्रिकास्थी. ठिसूळ कटिहाडांच्या या मोडीचे चार प्रकार रोमेन्स आणि हॉफमन या जर्मनीतील सर्जनांनी २०१३ साली मांडले.

उपाय मात्र बहुधा जुनाच, पडून राहा. सुश्रुताने कपाटशयन सांगितले आहे: फळीवर पाच खुंट्यांच्या आधाराने रोग्याला बांधून ठेवायचे. तरुणाला ते मानवेल. ऐंशीच्या बाईला महिनाभर खाट म्हणजे पाठीला जखमा, छातीत कफ, पायाच्या शिरेत गुठळी. माझ्या मते मोडीपेक्षा खाटच जास्त मारते.

म्हणून स्क्रू घालून लवकर उभे करायचे. पण त्रिकास्थीतली वाट अरुंद, शेजारीच मज्जातंतूंची भोके. इथे यंत्रहात कामी येतो: सीटीवर ठरवलेल्या कोनात तो नळी धरून ठेवतो, छिद्र पाडतो सर्जनच. याचा पूर्वज रोबोडॉक. १९९२ साली अमेरिकेत सॅक्रामेंटोला त्याने खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी मांडीचे हाड कोरले. (‘रोबोट’ या शब्दामागे चेक भाषेतली वेठ आहे, आमच्या मालगुजारीच्या मुलखाला ती वेगळी सांगायला नको.)

नागपूर येथून ऐंशीएक किलोमीटर. यंत्रहात पुढची गोष्ट. पडलेली बाई चार दिवसांत उभी राहत नसेल, तर एक्स-रे निर्मळ असला तरी डॉक्टरांना सीटीचे विचारावे.