सुप्याच्या घाटात मीटर आला

लांबीचे मापन आणि गतीचे प्रकार हा सहावीतील मुलांचा एक साधा विषय आहे. केंद्रीय अभ्यासक्रमाचे सहावीचे विज्ञानाचे नवे पुस्तक २०२४ साली निघाले. त्यात या दोन गोष्टी एकाच पाठात घातलेल्या आहेत. कित्येक शिक्षकांना ही जोडी ओढूनताणून जमविल्यासारखी वाटते. लांबी ही स्थिर वस्तूची पाहावयाची आणि गती ही हलत्या वस्तूची. तेव्हा या दोहोंचे नाते काय, असे ते विचारतात. मला मात्र ही जोडी योग्य वाटते. तिचा इतिहास पाहावयाचा असेल तर पॅरिसला जावे लागते हे खरे. पण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपे तालुक्यातही तो पुष्कळसा पाहावयास मिळतो.

हे सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे-सुपे नव्हे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर, गोव्याच्या सीमेलगतच्या डोंगराळ रानात हे गाव वसलेले होते. 'होते' असे म्हणावयाचे कारण पुढे येईलच. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. राज्यकर्ते बदलले की मापे बदलतात. त्यामुळे अशा सीमेवरच्या मुलुखात मापांचे थर एकावर एक साचलेले आढळतात.

सर्वांत खालचा थर माणसाच्या शरीराचा. अंगुळ, मूठ, वीत, हात, पुरुष ही सारी मापे आपण जन्मतःच बरोबर घेऊन येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुळ आणि चोवीस अंगुळांचा एक हात असे कोष्टक दिले आहे. शरीराची मापे माणसागणिक बदलतात, ही अडचण त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होती. म्हणूनच बोटाला जवाच्या दाण्यांचा आधार दिला. वर्गातील चार मुलांना एकच बाक वितीने मोजावयास सांगा. चार उत्तरे येतील आणि चारही मुले आपलेच खरे म्हणून भांडतील. प्रमाणित माप कशासाठी लागते, हे त्या भांडणातून जितके चांगले समजते तितके व्याख्येने समजत नाही.

हे भांडण बाकापुरते असते तोवर गमतीचे असते. जमिनीच्या बाबतीत ते पोटाशी येते. शिवकालीन महसुलात पाच हात आणि पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर असे मान होते. काठी कोणाच्या हाताची, या प्रश्नावर सारा किती बसणार हे ठरत असे. आखूड काठीने मोजले की तेच शेत कागदावर मोठे होते आणि साराही वाढतो. लांबीचे माप निश्चित करणे हे प्रथम न्यायाचे काम होते, शास्त्राचे ते मागाहून झाले, असे माझे मत आहे.

दूरच्या अंतराची गोष्ट निराळी. तेथे हात उपयोगी पडत नाही. तेथे चालच कामी येते. अमके गाव दोन घटकांच्या वाटेवर आहे, तमके एका मजलेवर आहे, असे लोक म्हणत. कोस हे माप प्रांतोप्रांती वेगळे होते. सुप्यासारख्या चढउतारांच्या रानात तर अंतर सांगताना काळाचाच आधार अधिक सोयीचा, कारण डोंगर चढणाऱ्याला कोस किती झाले यापेक्षा दिवस मावळण्यापूर्वी पोहोचू की नाही याची चिंता असते. म्हणजे गतीवरून लांबी सांगण्याची रीत आपल्या पूर्वजांची नित्याचीच होती. आपली भाषाही याला साक्ष आहे. 'तो जागचा तसूभर हलला नाही' असे आपण म्हणतो. तसू हा गजाचा चोविसावा भाग. लांबीचे माप घेऊन आपण येथे गतीचा अभाव सांगत असतो. एखादी वस्तू हलली की नाही हे ठरवावयाचे तर दुसऱ्या स्थिर वस्तूपासून तिचे अंतर बदलले का, हेच पाहावे लागते. सहावीच्या मुलाला गतीची याहून वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही.

इंग्रजी अमदानीत साखळी आली. मुंबई इलाख्यात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर हा हिशेब रूढ झाला. तो लोकांच्या जिभेवर इतका बसला की आजही जमिनीचा सौदा गुंठ्यातच होतो. त्याआधीच, १८०२ साली, विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ सेंट टॉमसच्या टेकडीपाशी सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा पोलादी साखळीने मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला होता. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून साखळीशेजारी उष्णतामापक ठेवून तो प्रत्येक मापात दुरुस्ती करीत असे. या कामात त्याने आपले आयुष्य वेचले आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा भागातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला.

साखळीबरोबर आणखी एक साधन सर्वेक्षक वापरीत, ते म्हणजे मापनचक्र. दांड्याला लावलेले एक चाक रस्त्याने ढकलीत न्यावयाचे आणि त्याचे फेरे मोजावयाचे, इतकेच. मुलांना हे बैलगाडीवर दाखविता येते. चाकाच्या धावेवर एक चिंधी बांधावी. चाकाचा व्यास १.२ मीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे पावणेचार मीटर पुढे जाते. चिंधी कितीदा वर आली ते मोजले की गावापासून ओढ्यापर्यंतचे अंतर निघते. येथे चाकाची वर्तुळाकार गती आणि गाडीची सरळ रेषेतील गती यांची गाठ पडते, आणि त्या गाठीतून लांबी हाती येते.

आता मीटरकडे वळू. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात सर्व राष्ट्रांना मान्य होईल असे माप शोधण्याचे ठरले, तेव्हा प्रथम जी सूचना पुढे आली ती लोलकाची होती. पिसा येथील प्रार्थनामंदिरात टांगलेला दिवा हेलकावे घेताना पाहून गॅलिलिओला आंदोलनाचा नियम सुचला, अशी कथा आहे. तेथे आज जो दिवा दाखवितात तो मात्र त्या प्रसंगानंतर बसविलेला आहे. कथा कशीही असो, नियम खरा आहे: लहान आंदोलनांसाठी लोलकाचा काळ त्याच्या लांबीवर अवलंबून असतो, गोळ्याच्या वजनावर नव्हे. तेव्हा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्यास ज्याला बरोबर एक सेकंद लागतो, त्या लोलकाची लांबी हेच माप का मानू नये, असा विचार झाला. त्यात एक अडचण होती. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला, तेव्हा विषुववृत्ताजवळ त्याचे पॅरिसचे घड्याळ मागे पडू लागले आणि त्याला लोलक आखूड करावा लागला. पृथ्वीची ओढ सर्वत्र सारखी नाही. सेकंदाचा लोलक पॅरिसला सुमारे ९९.४ सेंटिमीटर भरतो, तर सुप्याच्या अक्षांशावर सुमारे ९९.१ सेंटिमीटर. फरक तीन मिलिमीटरांच्या आतबाहेरचा, पण प्रमाण मापाला तो चालत नाही. म्हणून १७९१ साली लोलक बाजूस ठेवून उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर, असे ठरविण्यात आले. दलांब्र आणि मेशँ या दोघांनी त्यासाठी अनेक वर्षे डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजली. त्यांच्या मापनातून निघालेला मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरला. परंतु तोवर तोच प्रमाण होऊन बसला होता.

हा मीटर सुप्याच्या रानात आला तो कापडाच्या दुकानातून नव्हे, तर रेल्वेच्या रुळांवरून. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो याच्या कारकीर्दीत खर्च वाचविण्यासाठी अरुंद रूळमार्ग बांधण्याचे ठरले. हिंदुस्थानात लवकरच दशमान मापे येणार, या अपेक्षेने दोन रुळांतील अंतर एक मीटर धरण्यात आले. १८७१ साली तसा कायदाही झाला. पण तो कधी अमलात आला नाही. मापे राहिली फूट आणि इंच यांचीच, आणि रूळ मात्र मीटरचे झाले. पुढे १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, आणि त्यानुसार मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारा मीटर मापाचा लोहमार्ग १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाला. कॅसलरॉक हे सुपे तालुक्यातीलच ठिकाण. गोवामुक्तीपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत, ते सीमेवरचे स्थानक होते. पोर्तुगालने स्वतः १८५२ सालीच मीटर स्वीकारला होता. इंग्रजांच्या बाजूला मात्र त्या मार्गाची रुंदी सांगताना 'तीन फूट, सव्वातीन इंचांहून किंचित अधिक' असे सांगावे लागे!

गतीचे प्रकार शिकविण्यासाठी या घाटासारखी दुसरी पाठशाळा नाही. चढ दर ३७ फुटांस १ फूट, त्यामुळे मालगाडीला मागूनही इंजिने लावून रेटा द्यावा लागतो. जुन्या वाफेच्या इंजिनाचे चित्र मुलांपुढे ठेवावे. नळकांड्यातील दट्ट्या पुढे-मागे जातो, ती आंदोलनासारखी आवर्ती गती. दांड्याच्या योगे तीच चाकाची वर्तुळाकार गती होते. आणि चाक रुळावर लोळू लागले की डबा पुढे सरकतो. सरळ मार्गावर ती रेषीय गती. घाटातील वळणावर तिला रेषीय म्हणता येत नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. एक गंमत येथे सांगितल्याखेरीज राहवत नाही. चाकाची जी कड रुळाच्या आतील बाजूने खाली उतरलेली असते, तिचा सर्वांत खालचा बिंदू, गाडी पुढे जात असताना, क्षणभर मागे जात असतो. प्रथम मुलांना हे पटत नाही. एका वाटोळ्या डब्याला त्याहून मोठी पुठ्ठ्याची चकती चिकटवावी आणि डबा पट्टीवरून लोळवीत न्यावा, मग पटते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा प्रमाणीकरण कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात येऊ लागली. वाराच्या जागी मीटर आला. ३६ इंचांचा वार आणि ३९.३७ इंचांचा मीटर यांतील तफावतीने गिऱ्हाईक व दुकानदार या दोघांचीही काही वर्षे ओढाताण केली.

सुप्याच्या लोकांना मीटरची खरी ओळख झाली ती त्यानंतर. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण बांधण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले आणि १९८७ साली पूर्ण झाले. त्याची उंची १०१ मीटर, लांबी ३३२ मीटर, आणि पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. पहिले दोन आकडे अभियंत्यांच्या अभिमानाचे आहेत. तिसरा गावकऱ्यांच्या नशिबाचा होता. डोंगराच्या उतारावर ५६४ मीटरांची एक रेषा फिरवावयाची. त्या रेषेच्या खाली ज्याचे घर, त्याने उठावयाचे. रेषा डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीच्या साधनाने व खुणेच्या काठीने ती ठरते. दोन नद्यांच्या संगमावरचे सुपे गाव, त्याची पेठ, घरे आणि वाटा पाण्याखाली गेल्या. तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली, कित्येक कुटुंबे रामनगरच्या वसाहतीत राहावयास गेली. पाणी पसरल्यावर पूर्वी समोरासमोर असलेल्या तीरांवरील वाड्यांना एकमेकींकडे जाण्यास वळसा पडू लागला. नकाशावर दोन बिंदूंतील सरळ अंतर होते तेवढेच राहिले. चालावयाचे अंतर वाढले. सरळ रेषेतील अंतर आणि प्रत्यक्ष मार्गाची लांबी यांतील भेद पुस्तकात दोन ओळींत दिलेला असतो.

मीटरची व्याख्या या काळात पुन्हा बदलली. १९६० साली धातूच्या दांड्याऐवजी क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरींचा आधार घेण्यात आला, आणि १९८३ पासून निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर जातो तितका मीटर, असे मानतात. दोन घटकांची वाट सांगणाऱ्या सुप्याच्या वाटसरूची रीतच येथे परत आली आहे: काळ ठरवावयाचा, चाल ठरवावयाची, आणि त्यांवरून लांबी काढावयाची. फरक एवढाच की प्रकाश वाटेत दम खात नाही.

कॅसलरॉकच्या घाटातील मीटर मापाचे रूळ १९९० नंतरच्या दशकात काढून त्या जागी रुंद रूळ घालण्यात आले. देश पुरता दशमान झाल्यावर घाटातला तो एक मीटर गेला आणि त्याच्या जागी १.६७६ मीटर आला, म्हणजे इंग्रजांचे जुने साडेपाच फूट.