फुटलेली नळी आणि टाकीतील हवा

पाण्याखाली हवा पुरवणारी नळी निकामी झाल्यावर पाणबुड्याजवळ किती वेळ उरतो, या प्रश्नाचे उत्तर उपकरणांच्या इतिहासाबरोबर बदलत गेले आहे. ऑगस्टस सीबे याने १८३० च्या दशकात लंडनमध्ये तयार केलेल्या बंद शिरस्त्राणाला हवा वरच्या हातपंपावरून येत असे. नळी वर कोठे तुटली तर शिरस्त्राणातील हवा क्षणात उलट निघून जाई आणि पाण्याचा दाब पाणबुड्याचे शरीरच शिरस्त्राणात रेटू लागे, म्हणून तेथे हवा आत घेणारी पण परत न सोडणारी झडप बसवणे भाग पडले.

कूस्तो आणि गान्याँ यांच्या १९४३ च्या ॲक्वालंगमध्ये हवा पाठीवरच्या टाकीत आली, तरी दाब उतरवण्याचे सारे काम टाकीच्या तोंडाशीच पुरे होत असल्याने ओठांपर्यंतच्या दोन रुंद नळ्यांत भोवतालच्या पाण्याइतकाच दाब असे. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड याने १९५२ च्या सुमारास एकनळी रेग्युलेटर, म्हणजे दाब दोन टप्प्यांत उतरवणारे यंत्र, विक्रीस आणले; ते सुटसुटीत होते, पण दोन टप्प्यांमधल्या बारीक नळीत आता भोवतालपेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक दाब राहू लागला (१ बार म्हणजे जवळजवळ वातावरणाचा दाब). टाकी झपाट्याने रिकामी होण्याचा धोका या सोयीतूनच आला.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कारखान्यांत हवेवर चालणारी हत्यारे ६-७ बारच्या लाइनवर चालतात, त्यामुळे निसटलेली नळी कशी सापासारखी फटकारते हे तेथील कामगारांना सांगावे लागत नाही. मात्र तेथे मागे कॉम्प्रेसर असतो, पाण्याखाली केवळ टाकी. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते आणि १० मीटर खोलीवर शांतपणे श्वास घेणाऱ्याला ती तासभर पुरू शकते. हीच मधली नळी पूर्ण तुटली, तर तेवढी हवा दीड मिनिटाच्या आसपास संपते, आणि अधिक खोलीवर त्याहून लवकर. याउलट दाबमापकाच्या नळीत टाकीचा पूर्ण दाब असूनही ती फुटल्यास वीसेक मिनिटे मिळू शकतात, कारण तिच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र ठेवलेले असते. नवख्याला नेमकी हीच नळी अधिक भयंकर वाटते.

मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात, जेथे पर्यटकाला प्रशिक्षक धरूनच नेतो, मिनिटाला ९-१० मीटर या सुरक्षित वेगानेही वेळेत वर येता येते. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या, किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवरील आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या उंचवट्याचा मात्र माथाच मुळी २० मीटरांच्या आसपास खोल आहे. तेथे वर येण्यासच दोन मिनिटे लागत असल्याने भिस्त जोडीदाराच्या रेग्युलेटरवरील जादा मुखनळीवर ठेवावी लागते.