तुळईचा वाक : समाकलन पद्धत

भाराखाली तुळई किती वाकेल, हे काढण्याची मूळ पद्धत. तुळईच्या कोणत्याही छेदावरचे नमन परिबल ‘ई’ (स्थितिस्थापकता गुणांक) आणि ‘आय’ (छेदाचे निरूढी परिबल) यांच्या गुणाकाराने भागले की तिथली वक्रता मिळते. वक्रतेचे एकदा समाकलन केले की उतार आणि पुन्हा केले की वाक. प्रत्येक वेळी एक स्थिरांक उरतो. तो आधारांच्या अटींवरून ठरतो. दोन्ही टोकांना नुसती टेकलेली तुळई घेतली, तर दोन्ही टोकांचा वाक शून्य, एवढ्यावर दोन्ही स्थिरांक सुटतात. समान पसरलेल्या भाराखाली मधोमध येणारा कमाल वाक असा : दर मीटर भार गुणिले गाळ्याच्या लांबीचा चौथा घात, गुणिले ५, भागिले ३८४ ई आय.

खरे महत्त्व त्या चौथ्या घाताचे. गाळा दुप्पट केला की वाक सोळापट. आयताकृती छेदाचे ‘आय’ उंचीच्या तिसऱ्या घातावर ठरते, म्हणून उंची १० टक्के घटली, तर वाक सुमारे ३७ टक्के वाढतो. गंजून झिजणारे लोखंड म्हणूनच काळजीचे. मावळात इंदुरीजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, ४ जण दगावले. वाकाचे गणित एकट्याने पूल सुरक्षित ठरवत नाही. ताकद वेगळी तपासावीच लागते. पण भारचाचणीत मोजलेला वाक गणितापेक्षा जास्त भरला, तर पूल तिथेच बंद करावा.

काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक अंतिम वाक सामान्यतः गाळ्याच्या २५०व्या भागापर्यंत मान्य करते. ४ मीटरला १६ मिलिमीटर. भार तुटक असल्यास मॅकॉलेची १९१९ची रीत सोयीची.