पाच दिवस उशिरा आलेलं जहाज

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा वाहतुकीला खुला झाला. त्यानंतर बरोबर पाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमधल्या डम्बार्टन गावी एक नवंकोरं शिडाचं जहाज पाण्यात उतरलं. नाव ‘कटी सार्क’. चीनमधून लंडनला सगळ्यांच्या आधी चहा पोचवायचा, या एकाच कामासाठी ते बांधलं होतं. आणि कालव्यामुळे नेमकं तेच काम पुढच्या काही वर्षांत आगबोटींकडे जाणार होतं.

शिडाच्या जहाजांना कालवा का चालला नाही? तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षातला बराच काळ वारा उत्तरेकडून वाहतो. सुएझकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजाच्या तो थेट तोंडावर येतो. शिवाय कालव्यातून जहाज ओढून न्यायचं तर त्याचे पैसे वेगळे. म्हणजे आगबोटीसाठी प्रवास हजारो मैलांनी कमी झाला, पण शिडाच्या जहाजाला मात्र आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरूनच जावं लागलं. कालवा सगळ्यांसाठी खुला होता, फायदा एकाच पक्षाचा होता.

इंजिनांची प्रगती त्याआधीच सुरू झाली होती. सुरुवातीच्या आगबोटी इतका कोळसा खायच्या की लांबच्या प्रवासात मालाला जागाच उरायची नाही. १८६६ साली लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टने ‘अ‍ॅगामेम्नॉन’ ही आगबोट प्रवासाला धाडली. तिच्या इंजिनात तीच वाफ दोनदा वापरली जायची, आधी जास्त दाबाच्या सिलिंडरमध्ये आणि मग कमी दाबाच्या. कोळसा इतका वाचला की वाटेत कुठेही न थांबता ती लिव्हरपूलहून थेट मॉरिशसपर्यंत जाऊ शकली. इंजिन होल्टने दिलं, रस्ता सुएझने दिला. चहाचं गणित तिथेच फिरलं.

बांधणारेच बुडाले

कटी सार्कचा मालक जॉन विलिस हा लंडनचा जहाज-व्यापारी. त्याने स्कॉट अँड लिंटन या नव्या कंपनीशी टनाला १७ पौंड असा घट्ट करार केला. हर्क्युलिस लिंटनने जहाज सुंदर आखलं, पण तेवढ्या पैशात ते पूर्ण होईना. कंपनीचं दिवाळं निघालं आणि उरलेलं काम डेनी या दुसऱ्या कंपनीने संपवलं. ठरलेल्या किमतीत कामाची व्याप्ती कशी वाढत जाते, हे कुठल्याही आयटीवाल्याला वेगळं सांगायला नको.

बांधणी मात्र हुशारीची होती. पाण्यात लाकडी तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, जहाज जड होतं, वेग घटतो. त्यावर उपाय म्हणजे तळाला तांब्याच्या मिश्रधातूचा पत्रा. पण लोखंडी जहाजाला हा पत्रा लावता येत नाही, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून सांगाडा लोखंडाचा, त्यावर लाकडी फळ्या आणि त्या फळ्यांवर पत्रा, अशी मिश्र रचना. लोखंडाची ताकद मिळाली आणि तळही स्वच्छ राहिला. शिडाच्या जहाजांच्या तंत्राचं हे टोक होतं. पण कुठलंही तंत्र टोकाला पोचतं तेव्हा त्याचा पर्याय बहुतेक वेळा बाजारात आलेला असतो.

कटी सार्कचा प्रतिस्पर्धी होता ‘थर्मोपिली’, १८६८ साली अ‍ॅबर्डीनमध्ये बांधलेलं. जून १८७२ मध्ये दोन्ही जहाजं चहा भरून शांघायहून जवळजवळ एकाच वेळी निघाली. हिंदी महासागरात कटी सार्क सुमारे ४०० मैलांनी पुढे होतं. १५ ऑगस्टला वादळात त्याचं सुकाणूच तुटून गेलं. मालकाचा भाऊ जहाजावर होता. तो म्हणाला, जवळच्या बंदराला लावा. कप्तान जॉर्ज मूडीने ऐकलं नाही. हेलकावणाऱ्या डेकवर भट्टी पेटवून सुतार हेन्री हेंडरसन आणि खलाशांनी जादा लाकूड-लोखंडातून नवं सुकाणू घडवलं आणि भर समुद्रात बसवलं. जहाज लंडनला पोचलं ते थर्मोपिलीनंतर सात दिवसांनी. शर्यत हरली, पण कौतुक हरलेल्याचं झालं. मूडीने मात्र त्या प्रवासानंतर हे जहाज सोडलं.

चहाच्या आठ खेपांनंतर कटी सार्कला चहा मिळेनासा झाला. आगबोटी लवकर पोचत, ठरलेल्या वेळेला पोचत, आणि त्यांचा विमाही स्वस्त पडे. १८७७ साली हा धंदा संपला.

मिळेल ते काम

मग शिडाची जहाजं मोडीत गेली का? इथेच आपला नेहमीचा समज चुकतो. नवं आलं की जुनं दुसऱ्या दिवशी मरतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सुएझनंतरही जवळपास पन्नास वर्षं शिडाची जहाजं जगभर माल वाहत होती. १८९० च्या सुमारास तर ब्रिटनच्या गोद्यांमध्ये मोठाली पोलादी शिडाची जहाजं धडाधड बांधली जात होती. त्यांचं काम तेवढं बदललं. घाई असलेला महागडा माल आगबोटींकडे गेला. घाई नसलेला, जड आणि स्वस्त माल शिडांकडे राहिला. कोळसा, ताग, गहू, लाकूड, रॉकेलचे डबे, चिलीचा नायट्रेट. वाऱ्याला पैसे पडत नाहीत, हा त्यांचा एकमेव आधार.

यातली गंमत अशी की दूरदूरच्या बंदरांत आगबोटींसाठी कोळशाचे साठे लागत, आणि ते भरायचं काम बऱ्याचदा शिडाची जहाजंच करत. स्वतःच्या वारसदाराला तीच जेवू घालत होती. १८८० साली कटी सार्कही असाच वेल्सचा कोळसा घेऊन योकोहामाला निघालं, अमेरिकन नौदलासाठी.

तो प्रवास या जहाजाच्या इतिहासातला सगळ्यात काळा. पहिला अधिकारी सिडनी स्मिथ आणि जॉन फ्रान्सिस नावाचा कृष्णवर्णीय खलाशी यांच्यात वाद झाला, स्मिथने दांडा डोक्यात घातला आणि फ्रान्सिस मेला. कप्तान वॉलेसने स्मिथला जावाच्या किनाऱ्यावर पळून जाऊ दिलं. खलाशांनी काम करायला नकार दिला. जहाज वाऱ्याविना समुद्रात पडून राहिलं, आणि आता चौकशी होणार या विचाराने खचलेल्या वॉलेसने समुद्रात उडी टाकली. स्मिथ पुढे लंडनमध्ये सापडला आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. जोसेफ कॉनराडच्या ‘द सीक्रेट शेअरर’ या कथेमागे हीच घटना आहे. शिडांच्या रम्य चित्रांमध्ये फ्रान्सिस दिसत नाही. पण कमी माणसांत, कमी पगारात, कुणीही बघत नसलेल्या समुद्रावर ही जहाजं चालत होती, हे विसरून त्यांचा इतिहास सांगता येत नाही.

पुढची काही वर्षं कटी सार्क मिळेल तो माल उचलत राहिलं. आपल्या पूर्व किनाऱ्यावरूनही त्याने गूळ, हिरडा आणि जनावरांची शिंगं भरली. हिरडा इंग्लंडमध्ये कातडी कमवायला लागायचा. शर्यतीसाठी जन्मलेलं जहाज आता गूळ वाहत होतं.

आणि मग त्याला खरं काम सापडलं. ऑस्ट्रेलियाची लोकर. परतीच्या वाटेवर दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांखाली पश्चिमेकडून जो अखंड, दांडगा वारा वाहतो, तो या जहाजाला मानवला. १८८५ मध्ये रिचर्ड वुडगेट कप्तान झाला. तो फोटोग्राफीचा शौकीन, आणि जहाजावर सायकल बाळगणारा. पहिल्याच वर्षी त्याने सिडनीहून ७३ दिवसांत इंग्लंड गाठलं. २५ जुलै १८८९ च्या रात्री तर पी अँड ओ कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ या दोनच वर्षं जुन्या टपाल-आगबोटीला मागून एका जहाजाचे दिवे जवळ येताना दिसले. ते जहाज बाजूने पुढे निघून गेलं. शिडाचं होतं. कटी सार्क. ज्या कामासाठी बांधलं त्यात ते कधी अव्वल ठरलं नाही. नाव झालं ते नाइलाजाने पत्करलेल्या कामात.

चार जहाजांचं शेवटी काय झालं

लोकरही आगबोटींकडे गेली. १८९५ मध्ये विलिसने कटी सार्क पोर्तुगीज कंपनीला विकलं. ‘फेरेरा’ या नावाने ते पुढची २७ वर्षं राबलं. १९१६ मध्ये केपजवळ वादळात डोलकाठ्या गेल्या, तेव्हा कमी शिडांचा स्वस्त साज चढवला गेला. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात विल्फ्रेड डाऊमन या निवृत्त कप्तानाने ते ओळखलं. १८९४ मध्ये दुसऱ्या जहाजावर उमेदवारी करताना त्याने कटी सार्कला आपल्या जहाजाला मागे टाकताना पाहिलं होतं. त्याने ३,७५० पौंड मोजले आणि जहाज परत आणलं. आज ते ग्रिनिचला सुक्या गोदीत आहे. २००७ मध्ये तिथे मोठी आग लागली, पण दुरुस्तीसाठी जहाजाचे बरेच भाग आधीच काढून ठेवलेले होते म्हणून ते वाचलं.

शर्यत जिंकलेल्या थर्मोपिलीचं असं झालं नाही. त्याने काही वर्षं रंगूनचा तांदूळ कॅनडाला नेला, मग पोर्तुगीज नौदलाने त्याला प्रशिक्षणासाठी घेतलं, पुढे नुसतं कोळशाचं कोठार केलं. १९०७ मध्ये लिस्बनजवळ कश्काइशच्या समुद्रात नेऊन, मानवंदना देऊन, टॉर्पेडोने बुडवलं.

‘युटर्पी’ची गोष्ट आणखी वेगळी. १८६३ साली आइल ऑफ मॅनमध्ये बांधलेलं हे लोखंडी जहाज, ना वेगवान ना देखणं. पहिल्या दोन खेपा कलकत्त्याच्या. पहिलीत टक्कर आणि खलाशांचं बंड, दुसरीत बंगालच्या उपसागरातल्या वादळात डोलकाठ्या तोडाव्या लागल्या आणि परतीच्या वाटेवर कप्तान वारला. मग पाव शतक न्यूझीलंडला स्थलांतरितांची ने-आण, त्यात २१ पृथ्वीप्रदक्षिणा. मग लाकूड, मग अलास्काची सामन मासळी. आज ‘स्टार ऑफ इंडिया’ या नावाने ते सॅन डिएगोत उभं आहे आणि अधूनमधून समुद्रातही जातं.

चौथं ‘वेव्हरट्री’. १८८५ मध्ये साउदॅम्प्टनला बांधलं, पूर्व भारताचा ताग स्कॉटलंडच्या गिरण्यांना पोचवायला. १९१० मध्ये केप हॉर्नपाशी डोलकाठ्या मोडल्या. दुरुस्ती परवडणार नव्हती. म्हणून चिलीत लोकरीचं तरंगतं कोठार झालं, मग ब्वेनोस आइरेसमध्ये वाळू वाहणारा पडाव. १९६० च्या दशकात ते तिथे सापडलं आणि १९७० मध्ये ओढत न्यूयॉर्कला आणलं गेलं. जहाज म्हणून निकामी ठरल्यामुळेच ते वाचलं. त्याच्या बरोबरीची कित्येक जहाजं धडधाकट होती, म्हणून समुद्रावर राहिली आणि खडकांवर फुटली किंवा पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडवली.

या चौघांत एक नियम शोधायचा मोह होतो. पण सगळ्यात चांगलं ते टिकलं, असं दिसत नाही. सगळ्यात वेगवान तेही नाही. ज्याचं कवच कुणाच्या तरी कुठल्या तरी किरकोळ कामाला उपयोगी पडलं, आणि नंतर ज्याला ओळखणारं माणूस भेटलं, ते टिकलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी कुणीतरी एखादं तंत्रज्ञान ‘मेलं’ म्हणून जाहीर करतं, आणि बँकांच्या पोटात साठ वर्षांपूर्वीचं कोबोल मुकाट चालू असतं. त्यामुळे शिडांची ही पन्नास वर्षं मला ओळखीची वाटतात. पण दिलासा म्हणून ती सांगणं बरोबर नाही. त्या पन्नास वर्षांत मालकांनी खर्च वाचवला तो खलाशांच्या संख्येत. कटी सार्क तीसेक माणसांसाठी बांधलेलं. १८८० मध्ये त्याच्या डोलकाठ्या आखूड केल्या, आणि कधी ते १९ माणसांवरही चाललं. जुनं तंत्र टिकून राहतं तेव्हा ते टिकवण्याची किंमत बहुधा ते चालवणारी माणसं देतात.

नव्या तंत्राकडे गेलेल्यांचंही एक पान आहे, आणि ते आपल्या घरातलं आहे. पी अँड ओच्या आगबोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत आणि स्वयंपाकघरात, प्रवाशांच्या दिमतीला गोव्याची माणसं. खाडीतली गलबतं आणि मचवे हाकणाऱ्या गावांतली पोरं वाफेच्या जगात शिरली. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी होता. त्यांच्या बोटी भंगारात गेल्या, कुणी संग्रहालयं केली नाहीत.

शिडांच्या मालवाहतुकीचा शेवट फिनलंडच्या ऑलंड बेटांवर झाला. गुस्ताफ एरिकसन नावाचा मालक जगभरातली टाकून दिलेली जहाजं स्वस्तात घेत असे आणि ऑस्ट्रेलियाचा गहू युरोपला आणत असे. त्या गव्हाच्या शेवटच्या खेपा १९४९ मध्ये ‘पामीर’ आणि ‘पास्सात’ने केल्या. पामीर पुढे जर्मन प्रशिक्षण जहाज झालं आणि सप्टेंबर १९५७ मध्ये अटलांटिकमधल्या चक्रीवादळात बुडालं. ८६ जण होते, त्यात बरीचशी शिकाऊ मुलं. सहा वाचले. स्पुटनिक आकाशात गेला तो त्यानंतर दोन आठवड्यांनी. त्या महिन्यापर्यंत शिडांवर माल वाहून नेणं हा कुणाच्या तरी पोटापाण्याचा धंदा होता.